स्पीकरची वायर जोडताना: घरी पहिल्यांदा होम थिएटर लावणाऱ्यांसाठी

धाकट्या मावसबहिणीचं घर नागपुरात, त्रिमूर्तीनगरला. मागच्या दिवाळीत जावईबुवांनी फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असा संच आणला, खोक्यातून काढून स्वतःच जोडला आणि तिसऱ्या दिवशी मला बहिणीचा फोन आला. "दादा, आवाज तर येऊन राहिला, पण पोकळ वाटते. दुकानात कसा भरून येत होता!"

जाऊन पाहिलं. पाचही स्पीकर वाजत होते, सबवूफर चालू होता, काही जळलं नव्हतं. टीव्हीच्या डाव्या बाजूच्या स्पीकरची वायर मागून तपासली. अॅम्पकडे (म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या मुख्य डब्याकडे) पट्टीवाली तार काळ्या खुंटीत, म्हणजे वायर अडकवायच्या जागेत होती आणि स्पीकरकडे तीच तार लाल खुंटीत. अदलाबदल करायला दोन मिनिटं लागली. पुन्हा तेच गाणं लावलं तर ढोलकीची थाप टीव्हीच्या मधोमध येऊन बसली. बहिणीने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "काय बदललं?"

वीसेक वर्षं नात्यातल्या आणि मित्रांच्या घरी हे काम करतो आहे. मला ठामपणे वाटतं की नवीन माणसाने वायरच्या किमतीची चिंता सोडावी आणि वायरच्या टोकांची करावी. साधी, पण खऱ्या तांब्याची वायर घ्या आणि प्रत्येक टोकाला पाच मिनिटं द्या.

आधी जागा ठरवा

वायर विकत घेण्याच्याही आधी स्पीकर नुसते जागेवर मांडून पाहा. तुम्ही जिथे बसता तिथून टीव्हीचा मध्य ही सरळ रेषा धरली, तर पुढचे डावा-उजवा स्पीकर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर हवेत. अंश मोजत बसायची गरज नाही. सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर असेल तर या दोन स्पीकरमधलं अंतर ७ ते १० फूट ठेवा. त्यांचे ट्वीटर, म्हणजे वरचे छोटे गोल, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावेत.

मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर. संवाद मुख्यतः यातूनच येतात, म्हणून त्याला शोकेसच्या खोल कप्प्यात कोंबू नका. कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि तोंड कानांच्या दिशेने थोडं कलतं करा. खाली रबराचे दोन तुकडे सरकवले की झालं.

मागचे दोन, ज्यांना सराउंड म्हणतात, ते खरं तर बाजूचे असतात. बसलेल्या माणसाच्या दोन्ही अंगांना, किंचित मागे, ९० ते ११० अंशांवर. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा बहुतेक मागच्या भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे लोक सराउंड त्याच भिंतीवर डोक्याच्या मागे ठोकतात आणि आवाज थेट मानेवर आदळतो. जमलं तर सोफा फूट-दीड फूट पुढे घ्या आणि सराउंड बाजूच्या भिंतींवर लावा, कानापेक्षा फूटभर वर. एका बाजूला गॅलरीचं दार असेल तर त्या बाजूचा स्पीकर स्टँडवर ठेवा.

नागपुरात आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे कूलर. ज्या खिडकीत उन्हाळ्याचे चार महिने कूलर बसतो तिच्या झोतात स्पीकर किंवा अॅम्प ठेवू नका. ओलसर हवा सतत अंगावर आली की वायरच्या उघड्या तांब्यावर हिरवट बुरा चढतो. माझ्या काकांकडे महालच्या जुन्या घरात दोन उन्हाळ्यांनंतर मी एक टोक उपसलं, तर तारेचे केस, म्हणजे आतले बारीक धागे, हिरवे होऊन बोटांत मोडत होते. त्या बाजूचा आवाज मधूनच जात होता आणि स्पीकर खराब झाला असं समजून ते नवा घ्यायला निघाले होते.

सुतळीने मोजा

आता अॅम्पच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत सुतळी धरा. वायर जशी जाणार तशीच: भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून वळून, खाली उतरून. मोजलेल्या लांबीत दोन्ही टोकांना मिळून दीड मीटर वाढवा. आखूड पडलेली वायर जोड देऊन वाढवणं म्हणजे भिंतीत दडलेला दुखणेकरी ठेवणं.

डाव्या आणि उजव्या वायरची लांबी सारखीच हवी असा एक समज आहे. तसं काही नाही. तारेतून सिग्नल इतक्या वेगाने जातो की पाच मीटरचा फरक कानाला कळण्याचा प्रश्नच येत नाही. फरक पडतो तो हवेतल्या अंतराने. आवाजाला हवेतून एक मीटर यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात आणि ते रिसीव्हरच्या, म्हणजे होम थिएटरच्या अॅम्पच्या सेटिंगमध्ये दुरुस्त होतं.

जाडीचा हिशेब मात्र करायचा. वायरचा स्वतःचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा, हा जुना आणि पुरेसा नियम. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम असतो आणि वीज जाते-येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची. १० मीटरच्या वायरीला ०.७५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) तार लावली तर रोध ०.४६ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी हद्द आहे ०.४. म्हणजे खोक्यात फुकट येणारी बारीक वायर लांबच्या सराउंडला कमी पडते. दीड स्क्वेअरमध्ये हाच आकडा ०.२३ वर येतो, अडीचमध्ये ०.१४ वर.

दुकानात एवढंच सांगा: ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत दीड स्क्वेअर, ४ ओहमच्या स्पीकरला ८ मीटरपर्यंत दीड आणि त्यापुढे अडीच. विदेशी वायरवर गेज लिहिलेला असतो आणि तो उलटा चालतो, आकडा लहान तितकी तार जाड. १६ गेज म्हणजे साधारण १.३ स्क्वेअर, १४ गेज म्हणजे २.१.

बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात वायर घेताना दुकानदारासमोर टोक सोलून ब्लेडने एक केस खरवडून पाहा. आत पांढरट निघालं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर आहे. हाताला हलकी लागते आणि वाकवली की लवकर तुटते. तिचा रोधही जास्त, म्हणून तीच घ्यायची झाली तर दीडपट जाड घ्यावी लागेल. उलट, बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत तांबडी निघाली तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, ती उत्तम. आणि कुणी मीटरला हजार रुपयांची "ऑडिओ" वायर दाखवली तर नम्रपणे परत द्या. घराच्या फिटिंगची दीड स्क्वेअरची मऊ, बहुकेशी तांब्याची वायरही स्पीकरला चांगली चालते. फक्त दोन रंगांच्या घ्या.

ओहमचा आकडा वाचा

प्रत्येक स्पीकरच्या मागे एक आकडा असतो: ४, ६ किंवा ८ ओहम. अॅम्पच्या मागेही तो कमीत कमी किती ओहम पेलतो ते छापलेलं असतं. स्पीकरचा आकडा त्याच्या बरोबरीचा किंवा जास्त हवा. कमी असेल तर अॅम्पवर जास्त करंटचा ताण येतो, तो तापतो आणि मध्येच बंद पडतो. आपल्याकडे मे महिन्यात, नवतपाच्या म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोलीच इतकी तापलेली असते की अॅम्पला थंड व्हायला जागा उरत नाही. त्याच्या वर निदान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा आणि वर सेट-टॉप बॉक्स रचू नका.

हमखास होणारी चूक अशी. हॉलमध्ये संच लागतो, मग घरातलं कुणी म्हणतं, गॅलरीतही दोन स्पीकर लावा, आणि ते त्याच खुंट्यांवर जोडले जातात. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच खुंटीवर समांतर जोडले की अॅम्पला ४ ओहम दिसतात. मागे "६ ते १६" लिहिलं असेल तर ही जोडणी त्याच्या हद्दीबाहेर गेली. गॅलरीसाठी रिसीव्हरवर "बी" किंवा "झोन २" अशा वेगळ्या खुंट्या असतील तर त्या वापरा, पण ए (नेहमीच्या) आणि बी खुंट्या एकत्र चालवताना किती ओहम चालतात ते पुस्तिकेत पाहून.

टोक

सुरुवात करण्याआधी अॅम्पचा प्लग भिंतीतून काढा. नुसता रिमोटने बंद केलेला अॅम्प बंद धरू नका.

वायरच्या दोन तारा टोकाकडून दीड-दोन इंच एकमेकींपासून सोडवा. मग प्रत्येकीचं प्लॅस्टिक १२ मिलिमीटर सोला, करंगळीच्या नखाएवढं. वायर स्ट्रिपर घ्या. दाताने किंवा भाजीच्या सुरीने सोलताना पाच-सहा केस हमखास कापले जातात आणि दीड स्क्वेअरची वायर तिथे बारीक होते. स्ट्रिपर नसेल तर ब्लेड गोल फिरवून फक्त प्लॅस्टिकवर चीर द्या आणि तुकडा पिळत ओढून काढा. पिळल्याने केस आपोआप एकत्र वळतात. आणखी दोन पीळ हाताने, घड्याळाच्या दिशेने द्या, म्हणजे खुंटीचा नट आवळताना पीळ उलगडत नाही, उलट घट्ट होतो.

आता ते टोक डोळ्यांजवळ धरून उजेडात बघा. एकही केस बाहेर सुटलेला नको. हे मी शिकलो ते माझा स्वतःचा अॅम्प जाळून. लाल खुंटीतला एकच केस काळ्या खुंटीला टेकत होता, कमी आवाजात काही कळलं नाही, आणि गणपतीत आवाज वाढवला तसा उजवा चॅनेल गेला. दुरुस्तीवाल्याने पॉवर ट्रान्झिस्टर बदलून दिले. हल्लीचे रिसीव्हर अशा वेळी "प्रोटेक्ट" दाखवून स्वतःला बंद करतात. तसं दिसलं तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्लग काढा आणि सगळी टोकं तपासा.

खुंटी स्क्रूची असेल तर नट ढिला करून मधल्या भोकात टोक घाला आणि हाताने आवळा, पक्कड लावू नका. प्लॅस्टिक भोकाच्या तोंडापर्यंत यायला हवं, बाहेर उघडं तांबं दिसायला नको. दाबून उघडणारी स्प्रिंगची क्लिप असेल तर क्लिपने प्लॅस्टिकला धरलं नाही ना ते पाहा. प्लॅस्टिक अडकलं तर वायर घट्ट वाटते, पण स्पीकर मुका राहतो. जोडून झालं की प्रत्येक वायर हलकीशी ओढून पाहा.

बनाना प्लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या पिना, आवाज सुधारत नाहीत. पण कूलरच्या ओलाव्यापासून तांबं झाकलं जातं, केस सुटायची भीती जाते आणि सफाईच्या वेळी संच सरकवणं सोपं होतं. आपल्या हवामानात मी ते घ्याच म्हणेन.

लाल लालला, काळी काळीला

पोलॅरिटी, म्हणजे लाल-काळीची जुळणी, बिघडली तरी काही जळत नाही आणि आवाज येतच राहतो, म्हणूनच ती लक्षात येत नाही. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, हवा एकीकडून ढकलली जाते आणि दुसरीकडून ओढली जाते. खर्जाचे सूर लांब लहरींचे असल्याने ते एकमेकांना खाऊन टाकतात. बहिणीला ऐकू येणारं "पोकळ" ते हेच.

वायरच्या एका तारेवर पट्टी, छापील अक्षरं किंवा नुसती उभी रेघ असते. कोणती तार लालला लावायची ते तुम्ही ठरवा, पण पाचही स्पीकरना, दोन्ही टोकांना तोच ठराव पाळा. मी पट्टीवाली काळीला लावतो. अॅम्पवर डावा, उजवा, मधला, सराउंड अशी नावं असतात. डावा म्हणजे सोफ्यावर बसून टीव्हीकडे पाहताना तुमचा डावा.

वायर भिंतीत गेली आहे आणि कुठली तार कुठली ते कळत नाही? दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या. वायर स्पीकरला जोडलेली असू द्या, अॅम्पकडची टोकं मात्र मोकळी हवीत. त्या टोकांना सेल क्षणभर टेकवा आणि दुसऱ्याला वूफरच्या, म्हणजे मोठ्या गोलाच्या पडद्याकडे बघायला सांगा. फट् असा आवाज होतो. पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लालची, आत गेला तर उलट. जाळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर हालचाल नीट दिसते. जास्त व्होल्टचा सेल नको, सेल धरून ठेवायचा नाही, आणि स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या सबवूफरवर हा प्रयोग करायचा नाही.

वायर नेण्याची वाट

घराचं काम चालू असेल तर रंगाच्या आधीच वायरमनला सांगून झिरी मारून घ्या आणि २५ मिलिमीटरचा पाइप टाका. स्पीकरची वायर २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाइपमध्ये अजिबात नको. कारण फक्त आवाजातल्या खरखरीचं नाही. विजेच्या वायरचं प्लॅस्टिक उंदराने कुरतडलं तर ती वीज थेट स्पीकरच्या खुंट्यांवर येईल. दोन्ही वायरी समांतर जाणार असतील तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा. पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी मोकळी ठेवा. उद्या आणखी वायर ओढायची झाली तर कामाला येते.

भाड्याचं घर असेल तर केसिंग पट्टी पुरे. स्कर्टिंगच्या वरून चिकटवा आणि दारापाशी चौकटीवरून न्या. गालिच्याखालून वायर नेऊ नका, रोज पाय पडून ती आतून तुटते.

सबवूफर आणि टीव्ही

वीजपुरवठ्याचा वेगळा प्लग असलेल्या सबवूफरला स्पीकरची वायर लागत नाही. रिसीव्हरवर "सबवूफर आउट" किंवा "प्री-आउट" लिहिलेल्या जागेतून एकच आरसीए (गोल पिनेची) वायर जाते. मात्र काही तयार संचांमध्ये सबवूफरला प्लगच नसतो, तो मुख्य डब्यावर चालतो. त्याला संचासोबत आलेली रंगीत टोकाचीच वायर लावा. अशा संचांचे स्पीकर दुसऱ्या अॅम्पला जोडायचे झाल्यास आधी ओहम पाहा, त्यांत ३ ओहमचेही असतात.

सबवूफरची जागा शोधायची रीत थोडी गमतीची आहे, पण ती खरोखर काम करते. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा. खर्ज भरपूर असलेलं गाणं लावा आणि खोलीच्या कडेकडेने वाकून फिरा. जिथे खर्ज स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज मोठा होतो, पण घुमतो. शोकेसमधली स्टीलची भांडी, खिडकीची जाळी आणि कूलरचा पत्रा यांची थरथर याच वेळी शोधून काढा. खाली कुणी राहत असेल तर सबवूफरखाली जाड रबरी चटई घाला.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणायला टीव्हीच्या ज्या एचडीएमआय जागेवर "एआरसी" किंवा "ई-एआरसी" छापलंय तीच वापरा, शेजारची चालत नाही. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली, त्यामुळे बहुतेक टीव्हींवर असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवतात ती सोय) चालू करा आणि आवाजाचा मार्ग रिसीव्हरकडे वळवा. टीव्ही जुना असेल तर ऑप्टिकल वायर डॉल्बी डिजिटलचा फाइव्ह पॉइंट वन आवाज व्यवस्थित नेते.

पहिल्यांदा चालू करताना

आवाज शून्यावर ठेवून प्लग लावा. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे टेस्ट टोन चालवा आणि सळसळ एकेका स्पीकरमधून क्रमाने येते का ते ऐका. सेटिंगमध्ये छोटे स्पीकर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे खालचा खर्ज सबवूफर घेईल. संचासोबत माइक आला असेल तर तो तुमच्या डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीला ठेवून मोजणी करा. त्यावेळी कूलर, पंखा दोन्ही बंद हवेत. कूलरच्या घरघरीत माइक चुकीचे आकडे धरतो. सकाळी सहाच्या सुमारास, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, ही मोजणी सगळ्यात चांगली होते.

काही न वाजवताही सतत "हूं" असा आवाज येत असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण असते. सेट-टॉप बॉक्सची छतावरून येणारी केबल उपटून पाहा. गुणगुण थांबली तर केबलचं अर्थिंग आणि घराचं अर्थिंग वेगळं पडतंय. टीव्ही, बॉक्स आणि अॅम्प एकाच बोर्डवर घ्या, तरीही राहिली तर टीव्हीपासून ऑप्टिकल वायर लावा. तिच्यातून वीज जातच नाही. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक मी पाहिलेत. असं कधीही करू नका, त्या पिनेवर घरातल्यांचा जीव अवलंबून असतो.

मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला वीज कडाडायला लागली की अॅम्पचा प्लग आणि छतावरची केबल दोन्ही काढून ठेवा.

शेवटी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर "डावा", "उ. सराउंड" असं बॉलपेनने लिहा आणि अॅम्पच्या मागच्या बाजूचा उजेडात फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर पाठवा. दसऱ्याच्या सफाईत कुणीतरी सगळं उपटणारच आहे.